बाळ काचेत, आई दुसऱ्या गावी: आधी ही ताटातूट मिटवा

एका वडिलांचा प्रश्न आहे. बायकोचं बीपी अचानक वाढलं म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात ३१ व्या आठवड्यात सिझर करावं लागलं. बाळ १ किलो ३८० ग्रॅमचं. श्वास नीट घेत नव्हतं म्हणून त्याच रात्री १०८ च्या गाडीतून जिल्हा रुग्णालयात आणलं, काचेत ठेवलं. आज चौथा दिवस. बायको अजून तिकडेच, पन्नास किलोमीटरवर. तिने बाळ पाहिलेलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, आत्ता दाखवू नका, नळ्या बघून तिचा धीर सुटेल आणि दूध आटेल. डॉक्टर रोज म्हणतात, ‘अजून काही सांगता येत नाही.’ नातेवाईक म्हणतात, पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवा. शेवटी ते लिहितात, ‘मी दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून असतो. मला काहीच करता येत नाही.’

दादा, मी नवजात अतिदक्षता विभागात २२ वर्षं परिचारिका आहे. त्यातली बरीचशी सरकारी रुग्णालयात गेली, काही वर्षं खाजगीत. औषधोपचाराचा निर्णय तुमच्या बाळाच्या डॉक्टरांचाच. पण त्या बाकावर बसलेले शेकडो बाप मी पाहिलेत, आणि तुमच्या प्रश्नात मला जे दिसतंय ते आधी सांगते. पुण्याला न्यायचं की नाही, हा तुमचा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न हा, की बाळ एका गावात आहे, आई दुसऱ्या गावात, आणि बाप दाराबाहेर. बाळाच्या उपचारातला अर्धा भाग आईकडून येतो. तो अजून सुरूच झालेला नाही.

‘वाचेल ना?’ हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण प्रत्येकाच्या मनात तेच असतं, म्हणून आधी त्यावर बोलते. ३१ आठवड्यांची, या वजनाची बहुतेक बाळं चांगली काळजी मिळाली तर वाचतात आणि धडधाकट वाढतात. तुमचं बाळ त्यातलंच असेल असं मी इथे बसून सांगू शकत नाही. ते अवलंबून असतं प्रसूतीआधी आईला बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं मिळाली होती का, जन्मल्यावर बाळ किती वेळात रडलं, गाडीत त्याचं अंग गार पडलं का, जंतुसंसर्ग झालाय का, यांवर. डॉक्टर ‘सांगता येत नाही’ म्हणतात तेव्हा ते काही लपवत नसतात. पहिले तीन दिवस झुंज श्वासाची असते. मग जंतुसंसर्गाची धास्ती. मग नळीवाटे दिलेलं दूध पोट स्वीकारतंय का, ते बघायचं. एक घाट चढून झाला की दुसरा समोर येतो, आणि प्रामाणिक डॉक्टर पुढच्या घाटाबद्दल आज शब्द देत नाही.

घरातलं कुणी ‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्याचा त्यात काही दोष नाही.

आता आईचं. सासूबाई काळजीपोटी बोलतायत, त्यांच्यावर रागावू नका. पण माझा अनुभव नेमका उलटा आहे. न पाहिलेलं बाळ आईच्या मनात फार भयंकर दिसतं. काल फोनवर सांगितलेली एकेक नळी तिच्या डोळ्यांपुढे दहापट मोठी होते. प्रत्यक्ष येते, बघते, दोन मिनिटं हमसून रडते, आणि मग हळूच विचारते, ‘सिस्टर, याचे कान माझ्या बाबांसारखे आहेत ना?’ त्या क्षणी ती पेशंटची नातेवाईक राहत नाही, त्या बाळाची आई होते. आणि पान्ह्याचं म्हणाल, तर बाळाजवळ बसून, त्याला हात लावून काढलेलं दूध दूरच्या खोलीत काढलेल्यापेक्षा जास्त निघतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मला त्यात शंका उरलेली नाही.

म्हणून आजच तिच्या डॉक्टरांना भेटा आणि विचारा, ‘तिला जिल्हा रुग्णालयात कधी हलवता येईल?’ सिझरनंतर सगळं ठीक असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडतात, त्यामुळे वेळ जवळ आलीय. मात्र इथे एक सावधगिरी आहे आणि ती बाळाइतकीच महत्त्वाची आहे. गरोदरपणात वाढलेलं बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात पुन्हा उसळी मारू शकतं. बाळाच्या धावपळीत बाळंतिणीच्या गोळ्या चुकतात, हे मी पाहिलंय. ती थेट घरी जाण्यापेक्षा बाळाच्याच रुग्णालयात प्रसूतीपश्चात वॉर्डात दाखल झाली तर उत्तम. काही रुग्णालयांत बाळ आत असलेल्या आयांसाठी वेगळी खोली असते, तिचीही चौकशी करा. जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं होणं, बरगडीखाली दुखणं, दम लागणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवायचं. बाळंतपणानंतर सहसा देतात त्या बीपीच्या बहुतेक गोळ्यांमुळे दूध बंद करावं लागत नाही. तिच्या गोळीचं नाव सांगून एकदा खात्री करून घ्या.

आणि तिला एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा, तुमच्या तोंडून. ‘यात तुझी काही चूक नाही.’ पाण्याची कळशी उचलली म्हणून, पपई खाल्ली म्हणून, ग्रहणात बाहेर गेली म्हणून असं झालं, हे आया मनातल्या मनात घोळवत बसतात. हा बीपीचा आजार वारेतून सुरू होतो. कळशीचा त्याच्याशी संबंध नाही. नवऱ्याने हे एकदा चारचौघांत म्हटलं की घरातली कुजबुजही थांबते.

ती येईपर्यंत दूध थांबायला नको. बाळ तोंडाने पीत नाही म्हणून दूध काढायचं नाही, ही फार मोठी चूक होते. दर दोन-तीन तासांनी, दिवसातून निदान आठ वेळा, आणि रात्री एकदा तरी उठून काढायचं. सुरुवातीच्या दिवसांत पंपापेक्षा हाताने चांगलं निघतं. अंगठा आणि बोटं काळसर भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे मागे दाबायचं, मग एकमेकांकडे. बोंडं ओढायची नाहीत. तिथल्या सिस्टरला एकदा दाखवायला सांगा, लाजण्यासारखं काही नाही. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढून, झाकणाच्या स्वच्छ डबीत भरून, वर आईचं नाव, तारीख, वेळ लिहायची. तुमच्या विभागात बाहेरून आणलेलं दूध घेतात का आणि किती तासांचं चालतं, हे आत विचारून घ्या. सर्वसाधारणपणे फ्रिजमधलं दूध २४ तासांच्या आत वापरतात. बर्फाची पाकिटं घातलेल्या डब्यातून पन्नास किलोमीटर दूध नेणारे आजोबा मी पाहिलेत. सकाळच्या एसटीने यायचे, डबा माझ्या हातात द्यायचे, रिकामा डबा घेऊन परत जायचे. अकरा दिवस आले.

‘पण निघतं किती, दोन-चार थेंब!’ असं ती म्हणेल. एक प्रसंग सांगते. एका आईने पहिल्यांदा चीक काढला तो दोन मिलीच्या सिरिंजमध्ये पाऊणभरसुद्धा नव्हता. सिरिंज पदराआड धरून ती दारात उभी होती, मला द्यायला शरमत होती. तिचं बाळ १ किलो २०० ग्रॅमचं. मी तिला आत घेतलं, हात धुवायला लावले, त्या पिवळ्या दाट चिकाचे काही थेंब तिच्यासमोर बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावले. बाळाने जीभ हलवली, ओठ मिटले, उघडले. उरलेलं नळीतून दिलं. त्या वजनाच्या बाळाला त्या वेळी दूध लागत होतं ते एवढंच, दोन मिली. अर्धा चहाचा चमचाही नाही. म्हणजे तिने आणलेलं जवळजवळ पुरेसं होतं. ही मापं घरच्यांना माहीत नसतात, त्यामुळे वाटी भरली नाही की ‘दूध नाही’ असा निकाल लागतो आणि कुणीतरी पावडरचा डबा घेऊन येतं.

पावडर, गाईचं दूध, घुटी, मध, यातलं काहीही तुमच्याकडून आत जाता कामा नये. एवढ्या कोवळ्या आतड्याला आईचं दूध सगळ्यात सोसतं, बाहेरच्या दुधाने आतड्याला सूज येऊन आतडं खराब होण्याचा धोका वाढतो. आईचं कमीच पडलं तर तुमच्या भागात मातृदुग्धपेढी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासून पाश्चराइझ केलेलं दूध तिथे मिळतं. आशियातली पहिली अशी पेढी आपल्याच मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

आता तुमच्या बाकाबद्दल. तुम्ही म्हणता, काहीच करता येत नाही. करता येतं. २०१७ पासून केंद्र सरकारच्याच मार्गदर्शक सूचना आहेत की अशा विभागात आईवडिलांना आत घेऊन, शिकवून, बाळाच्या काळजीत सहभागी करून घ्यावं. सगळीकडे ते सारखंच होतं असं नाही. जागा अपुरी, सिस्टर कमी, एकेका सिस्टरकडे कितीतरी बाळं. म्हणून नम्रपणे, पण रोज विचारा, ‘मला आत यायला कधी जमेल? मी काय करू शकतो?’ हातातलं घड्याळ, अंगठी, दोरा काढून ठेवायचा, नखं कापलेली हवीत, कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. अंगारा किंवा गंडा आणला असेल तर सिस्टरकडे द्या, बऱ्याच ठिकाणी तो पेटीबाहेर प्लास्टिकच्या पिशवीत अडकवतात. श्रद्धेला आमची हरकत नसते, जंतूंना असते.

आत गेल्यावर बाळाला कुरवाळू नका. एवढ्या लहान बाळाला हलका, फिरता हात सोसत नाही, ते दचकतं. एक हात डोक्यावर आणि दुसरा दुमडलेल्या पायांवर असा नुसता ठेवा, स्थिर, उबदार. बोला, हळू आवाजात. तुमचा आवाज त्याने पोटात असल्यापासून ऐकलाय. मॉनिटर वाजला की पोटात गोळा येतो, ते मी समजू शकते. पण बऱ्याचदा पायाला बांधलेला लाल दिव्याचा पट्टा सैल झाल्यामुळे तो वाजतो. कधी कधी मात्र बाळ खरंच श्वास घ्यायला विसरतं. या वयात तसं होतं, मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं. त्यासाठी कॅफिनचं औषध देतात आणि सिस्टर तळव्याला टिचकी मारून बाळाला आठवण करून देते. ते पाहून घाबरू नका, पण सिस्टरला हाकही मारा.

आणि मग कांगारू. आईला किंवा बापाला खुर्चीत मागे टेकवून, उघड्या छातीवर बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून उभं निजवायचं आणि वरून कापड बांधायचं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात म्हणून डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं. बरीच वर्षं आम्हीसुद्धा ‘बाळ स्थिर झालं की कांगारू’ असंच शिकवत होतो. मग भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. भारतातलं रुग्णालय म्हणजे दिल्लीचं सफदरजंग. बाळं १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली, म्हणजे तुमच्या बाळासारखीच. स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच छातीशी धरलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने आधी पेटीत ठेवलेल्यांत १५.७ टक्के. फरक एवढा स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली. सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर असलेल्या बाळालाही हे देता येतं. तुमच्या बाळाला आज चालेल का, हे मात्र त्याच्या डॉक्टरांना विचारूनच.

आई येईपर्यंत हे काम तुमचं. ट्रकवर क्लीनर असलेला एक बाप आठवतो. ‘सिस्टर, माझ्या हाताला डिझेलचा वास येतो’ म्हणून मागे सरत होता. घरी जाऊन आंघोळ करून आला. बाळ छातीवर ठेवलं तेव्हा मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ८९-९० मध्ये घुटमळत होता. दहा-बारा मिनिटांत तो ९४ वर येऊन स्थिरावला आणि बाळ गाढ झोपलं. बाप तासभर हलला नाही. मुंग्या आलेला पाय झाडायलासुद्धा तयार नव्हता.

डॉक्टरांना भेटताना घरातल्या एकानेच भेटायचं, रोज ठरलेल्या वेळी, हातात वही घेऊन. मामा एक विचारतो, काका दुसरं, आणि संध्याकाळी घरी दोन वेगळ्या बातम्या पोचतात. विचारा, आज वजन किती, श्वासाचा आधार कालपेक्षा कमी केला की वाढवला, दूध किती मिली आणि पचतंय का, रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्तात जंतू आहेत का हे बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला का, उद्या काय करायचं ठरलंय. वजन पहिल्या आठवड्यात उतरेल. दहा ते पंधरा टक्के उतरणं अशा बाळात अपेक्षित असतं, म्हणजे १३८० चं १२०० झालेलं दिसलं तरी हबकू नका. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं.

पुण्याचं आता. मोठं हॉस्पिटल म्हणजे नेहमीच चांगलं, असं नाही. मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला असता, ‘माझ्या बाळाला अशी कुठली गोष्ट लागणार आहे, जी इथे नाही?’ ऑपरेशन, हृदयाचा दोष, इथे नसलेला व्हेंटिलेटर, असं ठोस उत्तर आलं तर हलवा. मग आधी तिथली खाट पक्की करायची, इथल्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलायचं, आणि नवजात बाळासाठी ऊब, ऑक्सिजन आणि जाणकार माणूस असलेल्या गाडीतूनच न्यायचं. असं उत्तर नसेल, तर नुसत्या धीरासाठी श्वासाचा आधार लागणाऱ्या बाळाला रस्त्यावर काढू नका. प्रवासात अंग गार पडणं, साखर उतरणं, नळी निसटणं, हे धोके खरे असतात. शिवाय आई पुन्हा मागे राहते.

पैशांबद्दल थोडक्यात. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि वाहतूक जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. १ जून २०११ पासून ही योजना आहे. कुणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर चिठ्ठी घेऊन आधी वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. खाजगीत जायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय बघा आणि दारातच आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या तिथल्या माणसाला, गाठा. पैसे भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

एक तारीख मात्र वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. जन्मापासून ३० दिवसांच्या आत बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी, डॉक्टर तिला आरओपी म्हणतात. ३४ आठवड्यांआधी किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ती लागते. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या तर वेळेत लेझर किंवा इंजेक्शनने नजर वाचते, उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही. बाहेरून डोळे अगदी चांगले दिसतात, म्हणूनच ही तपासणी राहून जाते. बाळ घरी आलं, गोंडस दिसतंय, कशाला पुन्हा त्याला त्रास, असं म्हणून न आलेलं एक बाळ सहा महिन्यांनी माझ्यासमोर आलं होतं. दिव्याकडे बघत नव्हतं. ती आई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. डिस्चार्ज आधी झाला तरी ही तारीख चुकवू नका. कानाची तपासणीही त्याच सुमारास होते.

घरी कधी? चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा किंवा पलाडई, म्हणजे चोचीची छोटी वाटी, मग अंगावर. त्यामुळे तीन-चार आठवडे धरून चाला, जास्तही लागू शकतात. बारसं, पाचवी, पाहुणे, सगळं तोवर थांबू द्या. नाव मात्र आत्ताच ठेवा. केसपेपरवर नुसतं ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असतं. घरातलं हाक मारायचं नाव कळलं तर आम्ही सिस्टरसुद्धा त्याच नावाने हाक मारतो.

तालुक्याला जाल तेव्हा मोबाइलमध्ये बाळाचा फोटो नेऊ शकता, तिथल्या नियमांत बसत असेल तर. काढताना फक्त नळ्यांचा नको, त्याने तुमचं बोट मुठीत धरलंय असा काढा. आणि तिचा डिस्चार्ज झाला की त्या कागदावर बीपीचे आकडे आणि गोळ्यांच्या वेळा नीट लिहिल्यात ना, ते बघूनच गाडीत बसवा.